आफ्रिकेला निघालेला कुत्रा

आफ्रिकेहून आलेलं नवऱ्याचं पत्र मी दारात उभ्या उभ्याच वाचलं. माझे कागद तयार झाले होते, आगबोटीचं तिकीट काढलं होतं, बोट फेब्रुवारीच्या अखेरीला मुंबईहून सुटणार होती. बरोबर काय आणायचं, काय नाही, तेही नीट लिहिलं होतं. आणि अगदी खाली, कागदावरची जागा संपत आली तिथे बारीक अक्षरात होतं, ‘कुत्र्याला घेऊनच ये. मी इथे चौकशी केली आहे. एक लस आणि डॉक्टरचा दाखला लागतो, बाकी काही नाही.’

ते ‘बाकी काही नाही’ मला किती महागात पडलं, ते आता सांगायला बसले तरी राग येतो.

आम्ही भिवंडीजवळ कोन गावात राहायचो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि हा कुत्रा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. एक नणंद होती, ती पूर्ण्याला दिलेली. हे भिवंडीत एका शेठच्या कारखान्यात लूमवर मास्तर होते. आफ्रिकेतल्या एका नव्या कापडगिरणीला लूम बसवून, चालवून दाखवणारी माणसं हवी होती. शेठच्या ओळखीने यांचं काम झालं आणि दिवाळीनंतर हे एकटे गेले. मी मागाहून जायचं, असं ठरलं होतं.

कुत्रा यांचा होता. कारखान्यामागच्या टाकाऊ सुताच्या ढिगात सापडलेलं पिल्लू, यांनी पिशवीत घालून सायकलच्या हँडलला लटकवून घरी आणलेलं. तांबूस रंग, रोड अंग, वळलेली शेपटी. कल्याण रस्त्यावर अशी कुत्री पायलीची पन्नास दिसायची. मला कुत्र्यांचं वेड नव्हतं. खारबावला माझ्या माहेरी कुत्री होती, पण ती खळ्यावर, राखणीला. इथे मात्र हे शिफ्टवरून आले की पाणी प्यायच्या आधी कुत्र्याची मान खाजवत बसायचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तेव्हा कधी बोलले नाही, पण लागायचं.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

“कुत्र्याला? बोटीत?”

“हो. तसंच लिहिलंय.”

“डोका फिरला काय त्याचा! मानसाला न्यायला पैसं पुरत न्हाय आन् कुत्र्याला न्यायला निघाला.”

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण नवऱ्याने लिहिलंय म्हटल्यावर करायचं, एवढंच मला माहीत होतं. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचता यायचं, त्यामुळे कागदपत्रांची कामं माझ्याच गळ्यात. यांनी खर्चाला म्हणून थोडे पैसे शेठकडे ठेवले होते, बाकी मी घरी कांड्या भरून मिळवायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. कारखान्यातून रिकाम्या कांड्या यायच्या, भरून परत जायच्या, आठवड्याला हिशोब. त्या पैशांतून माझी जायची तयारी करायची होती. दोन बऱ्या साड्या, एक चांगली पेटी, सासूबाईंसाठी घरात थोडं भरून ठेवणं. त्यात आता कुत्रा आला.

दुसऱ्याच दिवशी सुतळीची दोरी बांधून त्याला भिवंडीला गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अर्धी वाट चालत, अर्धी बैलगाडीत, कारण एसटीच्या कंडक्टरने चढूच दिलं नाही. दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, एक लंगडी शेळी. शेतकरी माझ्याकडे बघून हसत होते. डॉक्टर घाटावरचे, बदली होऊन आलेले, पस्तिशीचे असतील. म्हशीच्या तोंडात नळीने औषध ओतत होते. माझं ऐकून त्यांनी मान वर केली.

“हा? हा आफ्रिकेला जाणार?”

“हो.”

“जात कुठली?”

“गावठी.”

“ते दिसतंय,” ते म्हणाले. मग बहुतेक माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि कुत्र्याला टेबलावर घ्यायला सांगितलं. कान उलटे करून बघितले, पोट दाबलं, पाठीवरचे केस बाजूला सारले. गोचिड्या तर होत्याच, शेपटीच्या मुळाशी आणि कोपरांवर खरूज होती. मी कधी बघितलंच नव्हतं.

“बाई, दाखल्यात मला लिहावं लागतं की जनावर निरोगी आहे. हे असं अंग घेऊन मी काय लिहू? आधी खरूज बरी करा. आणि पिसाळीची लस. ती टोचून महिना व्हायला लागतो, तरच बोटीवर घेतील.”

“मग आजच टोचा ना.”

“आमच्याकडे गुरांच्या लशी येतात. कुत्र्याची मागवलीय, पण कधी येईल ते मला सांगता येत नाही. मुंबईला जनावरांच्या मोठ्या इस्पितळात मिळेल, स्वस्तात. खाजगी डॉक्टरकडे जाऊ नका, चाळीस-पन्नास रुपये सहज घेतील.”

ते भलं सांगत होते, पण मला रडू येत होतं. चाळीस रुपये म्हणजे माझ्या कितीतरी दिवसांच्या कांड्या. औषधांची चिठ्ठी घेऊन बाजारात गेले तर मलम, जंतांच्या गोळ्या, अंगाला लावायची पावडर, सगळं मिळून ठेवलेल्या पैशांतला चांगलाच लचका जाणार होता. मी दुकानदाराला विचारलं, यातलं काय नाही घेतलं तर चालेल? तो म्हणाला, “वो डॉक्टरसाब से पूछो.” परत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पावडर खोडली आणि म्हणाले, गोचिड्या हाताने काढा, रॉकेलच्या वाटीत टाका. मलमाऐवजी करंजेलात गंधक मिसळून लावा, चालेल. म्हटलं, हे आधीच नाही का सांगायचं? पण मनातच म्हटलं.

घरात गंधकाचा वास कोंदला. सासूबाई नाकाला पदर लावून बडबडायच्या. “पोरीबाळींच्या अंगाला एवढा तेल लावला न्हाय कधी कोनी.” पण मी कांड्यांच्या मशीनवर असले की ओट्यावर बसून तेल त्याच चोळायच्या. गोचिड्याही त्याच काढायच्या, आणि काढताना त्याच्याशी बोलायच्या, म्हणजे त्याला शिव्याच द्यायच्या. मला वाटायचं, चला, तेवढा तरी हात लागतोय.

आता मुंबईला न्यायचं कसं? एसटी नाही, टॅक्सी परवडायची नाही. शेठच्या कारखान्यातून कापडाचे तागे ट्रकने मुंबईच्या बाजारात रोज जायचे. ट्रकचा ड्रायव्हर यांच्या ओळखीचा, उत्तर प्रदेशातला, यांना ‘मास्टरजी’ म्हणायचा. त्याला विचारलं.

“भाभी, मास्टरजी का कुत्ता है तो अपना ही है,” तो म्हणाला. “पीछे ताड़पत्री पे बैठा देंगे. आप आगे बैठो.”

वाटलं, झालं काम, फुकटात. मुंबईच्या वेशीवर जकात नाक्यावर ट्रक थांबला. शिपायाने मागे चढून बघितलं आणि कुत्रा भुंकला. तो खाली उतरून म्हणाला, हे काय, मालात जनावर कुठे लिहिलंय? ड्रायव्हरने हात जोडले, मी दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी काढली. साहेब चहाला गेले होते ते येईपर्यंत उन्हात उभं राहावं लागलं. साहेबांनी चिठ्ठी वाचून ट्रक सोडला, पण तोवर उशीर झाला होता. आणि मागे कुत्र्याने, घाबरून की उन्हाने कोण जाणे, एका ताग्यावर ओकून ठेवलं होतं.

इस्पितळात लस स्वस्तात टोचून मिळाली. रांग मोठी होती, पण माणसं चांगली होती, कागदही नीट लिहून दिला. मला जरा हायसं वाटलं. संध्याकाळी बाजारात ड्रायव्हर भेटला तो तोंड पाडूनच.

“भाभी, वो ताका पार्टी ने लिया नहीं. दाग पड़ गया. सेठ मुझसे काटेगा.”

शेठ त्याच्या पगारातून कापणार, तर त्याचं काय चुकलं होतं? त्याला बायकोपोरं गावाकडे पोसायची. मी म्हटलं, मी भरीन. तो नको नको म्हणाला, पण फार वेळ नाही. एका ताग्याचे पैसे म्हणजे खाजगी डॉक्टर घरी बोलावून लस टोचून घेतली असती तरी उरले असते. परतीच्या वाटेवर तो डाग पडलेला ताग्याचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता आणि मागे कुत्रा मजेत वारा खात होता. त्या दिवशी मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

त्या आठवड्यात नवऱ्याचं दुसरं पत्र आलं. ‘कुत्रा कसा आहे? खातो ना? त्याला बोट लागू नये म्हणून काय द्यायचं ते डॉक्टरांना विचार. पिंजऱ्यात बसायची आतापासून सवय कर.’ आणि मग, ‘तू बरी असशीलच.’ असशीलच! मी तेव्हाच बसून उत्तर लिहिलं. काय काय खर्च झाला ते एकाखाली एक मांडलं. लस, औषधं, तागा, पिंजऱ्यासाठी सुताराने सांगितलेली मजुरी. लिहिलं की आणखी पैसे पाठवावे लागतील.

त्याचं उत्तर यायला पंधरवडा गेला. ‘एवढा खर्च कसा होतो? एवढ्यात तर माणूस जाईल. जरा बघून कर.’

मी ते पत्र चुलीत घालणार होते. सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. “जालू नको, त्याचा पत्ता हाय त्याच्यावर.”

बघूनच तर करत होते मी! पिंजरा सुताराकडून न करता शेठच्या गोदामातल्या सुताच्या लाकडी पेट्या मागून आणल्या आणि शेजारच्या मिस्त्रीकडून दोन पेट्या जोडून, पुढे पट्ट्या ठोकून घेतल्या. त्याने पैसे घेतले नाहीत, पण त्याच्या बायकोसाठी मला डागाच्या ताग्यातलं कापड द्यावं लागलं. दवाखान्यात जायचं तर कारखान्याच्या टेम्पोच्या वेळा बघून जायची. शेठकडे यांचा जो पैसा होता तो मागायला गेले तर मुनीम म्हणायचा, शेठ आल्यावर या. शेठ असले की मुनीम नसायचा. कांड्या रोज जास्त घ्यायला लागले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यातच ते गंधकाचं तेल लागलं की आग व्हायची.

खरूज बरी झाली. केस आले. डॉक्टरांनी कुत्र्याला फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही मनावर घेतलंत. आता लिहितो.” बोट सुटायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतलाच दाखला चालतो, जुना चालत नाही, हे मला आगबोट कंपनीच्या एजंटाकडून आलेल्या कागदात वाचून माहीत होतं. म्हणून मी बरोबर त्या दिवसांत गेले होते. सरकारी फी भरली, पावती फाडली. त्यावर ठाण्याच्या वरच्या अधिकाऱ्याची सही लागते म्हणून ठाण्याला गेले. तिथे साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी परत गेले. सही घेऊन तशीच मुंबईला, फोर्टातल्या त्या एजंटाच्या कचेरीत, कुत्र्याचं भाडं भरायला.

काउंटरवर एक चष्मेवाला कारकून होता. त्याने दाखला बाजूला ठेवला.

“बाई, बोट पुढे गेलीय. दुरुस्ती चालू आहे. मार्चच्या मध्याला सुटेल.”

“मग हा दाखला?”

“तो नाही चालणार. नवीन आणा.”

“अहो, त्यात काय बदलणार आहे? कुत्रा तोच, मी तीच.”

“तारीख बदलणार,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून तर जास्त चीड आली. भांडायलाही कुणी नव्हतं.

मार्चमध्ये तोच फेरा. टेम्पो, दवाखाना. डॉक्टर ओशाळले. “मला तुमच्याकडून परत घ्यायला बरं वाटत नाही, पण फी सरकारची. पावती फाडावीच लागते.” मी म्हटलं, फाडा. ठाण्याला या वेळी साहेब जागेवर होते, मला उगाच आनंद झाला. म्हटलं, नशीब फिरलं. मुंबईला कुत्र्याचं भाडं भरलं, त्याची वेगळी पावती घेतली. सासूबाईंनी भाकरी बांधून द्यायची म्हणून पीठ दळून ठेवलं. नणंद पूर्ण्याहून भेटून गेली, रडून गेली. आणि आदल्या दिवशी कचेरीतून तार आली की बोट एप्रिलमध्ये सुटेल.

मी तार घेऊन ओट्यावर बसले. रडू आलं नाही. पिंजरा अंगणात तयार होता, त्यात सवय म्हणून कुत्रा स्वतःच जाऊन झोपला होता.

दोन दिवसांनी मुंबईला गेले. तोच कारकून.

“एप्रिलला तरी नक्की सुटेल का?”

“आता नक्की. माणसांची तिकिटं तशीच चालतील. कुत्र्याचा दाखला मात्र नवीन लागेल. आणि बाई, लशीचा कागद बघू.” त्याने तो वाचला. “त्या बंदराहून नवीन नियम आलाय. लशीच्या कागदावरही सरकारी अधिकाऱ्याची सही हवी. हा इस्पितळाचा आहे. यावर घ्या, नाही तर परत टोचून घ्या.”

मी कागद गोळा केले, पिशवीत घातले. तो मागून म्हणाला, “बाई, भाड्याची पावती राहिली.” मी ती घेतली. “हे भाडं परत मिळतं का?” त्याने नकारार्थी मान हलवली.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. कोनच्या नाक्यावर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. सासूबाई मागच्या पडवीत होत्या. कुत्र्यासमोर मातीच्या परळात भात आणि बोंबलाचं कालवण. त्या एक एक काटा बोटांनी काढून बाजूला ठेवत होत्या आणि तो शहाण्यासारखा थांबून राहिला होता. मी थोडा वेळ बघत उभी राहिले.

“आई, मी याला नाही नेणार. एकटी जाते. आता माझ्याकडे पैसेही नाहीत आणि ताकदही नाही.”

त्या काटेच काढत राहिल्या.

“इथे कुणीतरी ठेवून घेईल. शेठच्या गोदामावर राखणीला विचारते.”

“गोदामावर कशाला?”

“मग? तुम्हाला तर तो नकोच होता ना?”

“नको हाय, असा मी कवा बोलली?” त्यांनी काटा जमिनीवर टाकला. “पैसं नको घालवू बोलली. तुमचा दोघांचा इचार चाललाय कवापासना. तो लिवतो कुत्रा आन, तू पलतेस. मना कोनी इचारला?”

मुलगा गेला होता, महिन्याभरात मी जाणार होते. त्या घरात मग कोण राहणार होतं, हे मी त्या सगळ्या धावपळीत एकदाही मनात आणलं नव्हतं, यांनीही आणलं नव्हतं. आम्ही शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, नणंदेला सांगितलं होतं, रेशनचं बघितलं होतं. त्यांना मात्र विचारलं नव्हतं.

“तुम्ही बोलायचं ना, आई.”

“बोलून काय होनार व्हता? तू त्याचा ऐकनार का माजा?”

खरंच होतं ते.

त्याच दिवशी यांना पत्र टाकलं की कुत्रा आणत नाही, कारण समोर आल्यावर सांगेन. पिंजरा मोडून सासूबाईंनी त्याच्या पट्ट्या चुलीत घातल्या. मला जरा वाईट वाटलं, एवढा खटाटोप करून केलेला.

बोट एप्रिलमध्ये खरंच सुटली. बोट लागून माझे हाल झाले ते वेगळेच, तीन दिवस डोकं वर करता आलं नाही. डेकवर कोपऱ्यात कुत्र्यांचे पिंजरे होते. एका बाईचा पांढरा केसाळ कुत्रा होता, त्याला चांगलं बिस्किट मिळायचं. ती मला विचारायची, तुमच्याकडे आहे का कुत्रा? मी म्हणायचे, नाही.

मोंबासाला धक्क्यावर गर्दीत हे दिसले. वाळले होते, काळवंडले होते. मला बघून हात वर केला आणि लगेच त्यांची नजर माझ्या मागे गेली, हमालांच्या ओझ्यांवरून फिरली. मग मी बघितलं, त्यांच्या हातात नवा कातडी पट्टा होता, पितळी कडीचा. माझं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं.

“कुत्रा कुठाय?”

किती महिन्यांनी भेटलो होतो आम्ही. पहिला शब्द तो.

मी पेटी खाली ठेवली. सासरी लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी वर मान करून बोलले नव्हते, ते त्या धक्क्यावर बोलले. तागा, नाका, दोन-दोन दाखले, ठाण्याच्या फेऱ्या, बोटांच्या चिरा, ‘एवढ्यात तर माणूस जाईल’, सगळं काढलं. माणसं वळून बघत होती. “मी येत होते ना? मग कुत्रा कशाला हवा होता तुम्हाला? माझ्यापेक्षा तोच हवा होता तर त्यालाच तिकीट पाठवायचं होतं!”

ते पट्टा हातातल्या हातात गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “मला नको होता. तुझ्यासाठी सांगितला.”

“माझ्यासाठी?”

“क्वार्टर गिरणीच्या टोकाला आहे. आजूबाजूला आपलं माणूस नाही. मी ड्युटीवर गेलो की तू दिवसभर एकटी. म्हटलं, घरातलं काहीतरी बरोबर असू दे.”

“मग ते पत्रात का नाही लिहिलंत?”

“त्यात लिहायचं काय?” ते म्हणाले. खरोखरच गोंधळून म्हणाले.

मला हसावं की त्यांच्या अंगावर पेटी फेकावी, कळेना. हे एक वाक्य जानेवारीत लिहिलं असतं तर मी त्यांना तेव्हाच कळवलं असतं की मला कुत्रा नको, मी राहीन एकटी. किंवा आनंदाने आणला तरी असता. निदान प्रत्येक पावती फाडताना तो राग तरी आला नसता. आणि आजही मला ठाऊक नाही, ते खरं बोलले की माझा अवतार बघून तिथल्या तिथे सुचलेलं सांगितलं. पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चिडले, म्हणून सोडून दिलं.

क्वार्टर मात्र त्यांनी सांगितलं तसंच होतं. गिरणीचा भोंगा झाला की हे जायचे आणि मग दिवसभर माणसाचा आवाज नाही. पहिले काही महिने मी दार लावून बसायची. मग शेजारच्या वस्तीतल्या एका बाईकडून तिकडची भाषा शिकले, भाजी लावली, जमलं हळूहळू. पण ते पहिले महिने मला फार जड गेले, आणि ते मी यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघ.

सासूबाईंची पत्रं नणंदेचा नवरा लिहून पाठवायचा. त्यात पाऊसपाणी, भाताचा भाव, कुणाचं लग्न. शेवटी एक ओळ असायची, ‘कुत्रा बरा आहे.’ यांना ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखवायची.

दोन वर्षांनी रजेवर आलो. टॅक्सी कोनच्या नाक्यावर सोडून सामान घेऊन चालत घरी निघालो. हे पुढे होते. अंगणात पाय टाकला तोच कुत्रा ओट्यावरून खाली आला, चांगला भरलेला, चकचकीत, आणि यांच्या अंगावर असा भुंकायला लागला की हे जागच्या जागी थांबले. यांनी हाक मारली, चुचकारलं, हात पुढे केला. तो आणखीच गुरगुरला. माझ्याकडे तर बघितलंही नाही.

आतून सासूबाई हात पुसत आल्या. आधी त्यांनी कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला, मग आमच्याकडे बघून त्यांचे डोळे भरले.

“या, आत या,” त्या यांना म्हणाल्या. “काय करत न्हाय तो. वळख न्हाय ना त्याला.”

हे सामान खाली ठेवून आपल्याच अंगणात उभे होते. तोंड बारीक झालं होतं. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. मग मी पेटी उचलली आणि त्यांच्या पुढून आत गेले.